मधले दोन तास

भोसरीच्या जे ब्लॉकात, पत्र्याच्या शेडखाली,
सात यंत्रं आणि बारा कामं.
कोण आधी, कोण मागून, हे कुंदाताई फुगे
रोज पावणेसातला खडूनं फळ्यावर ठरवायच्या.

मला बोलावलं होतं तो फळा पुसायला.

तसं कुणी म्हणालं नाही.
मालक म्हणाले, सॉफ्टवेअर बसवा, ताईंचा ताप कमी होईल.
ताईंनी चहा पुढे केला आणि विचारलं,
"किती प्रकारे लागतात हो ही बारा कामं?"
एका यंत्रावर, मी म्हणालो,
सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख एक हजार सहाशे.
"आणि सातांवर?"
उत्तर एकसष्ट आकडी होतं.
मी कपाखालचा कागद उलटा केला, तसाच ठेवून दिला.
"बावीस वर्षं त्यातलं एकेक करतेय," ताई म्हणाल्या,
"बरंच उरलंय म्हणायचं."

आधी मी भोळा उपाय केला.
शेजारची दोन कामं उलटी लाव,
वेळ घटली तर ठेव, नाहीतर जागच्या जागी.
छप्पन्न तास. पन्नास. सत्तेचाळीस.
मग प्रोग्राम बसला
डबक्यातल्या म्हशीसारखा.
जिकडे पाय टाकावा तिकडे चढ,
आणि चढायचं नाही हे मीच शिकवलेलं.

शेजारच्या शेडमध्ये हारूनभाई मुजावर भट्टी सांभाळतात.
"घाईनं गार केलं की ताण आत अडकतो," ते म्हणाले,
"पुढे कधीतरी, भलत्याच वेळी, तडकतं.
आधी लाल होऊ द्या. कणाकणाला भरकटू द्या.
मग रात्रभर, अगदी कंटाळा येईल असं, थंड."
माझ्या वहीतलं सूत्र
त्यांच्या जळक्या हातमोज्यात आधीपासून होतं.

म्हणून प्रोग्रामला तापवलं.
सुरुवातीला वाईट अदलाबदलही चालेल म्हटलं,
दहातल्या सहा.
मध्यरात्री दोन.
पहाटे शंभरात एखादी, तीही हळूच.
उजाडताना पडद्यावर एकेचाळीस.
फळ्यावर त्रेचाळीस होते.

ताईंनी छापील तक्ता बोट ठेवून वाचला.
"गुरुवारी इथं वीज नसते.
आणि बिडानंतर पितळ लावलंत,
मधे यंत्र पुसायला वीस मिनिटं जातात.
ती कुठायत?"

ती कुठेच नव्हती.

गुरुवार घातला. वीस मिनिटं घातली.
पुन्हा तापवलं, पुन्हा निववलं.
तीन रात्रींनी पुन्हा एकेचाळीस,
पण रांग सगळी निराळी,
जणू त्याच गावाला दुसऱ्या घाटानं उतरलो.

"याच्या खाली जाईल?"
जुन्या ग्राइंडरवर बाराही कामांना जावंच लागतं, मी म्हणालो,
त्याचीच बेरीज एकोणचाळीस.
त्याखाली कुणालाही जाता येणार नाही.
"आणि चाळीस?"
माहीत नाही.
"चाळीस होणारच नाही, हे तरी?"
तेही माहीत नाही.
ताई पहिल्यांदा हसल्या.
"मग ते मधले दोन तास कुणाचे?"

फळा त्यांनीच पुसला.
फक्त उजव्या कोपऱ्यात ठेवलं:
३९, लांब रेघ, ४१.

मी महिन्यातून एकदा जातो.
तक्ता छापतो, चहा घेतो, कोपऱ्याकडे बघतो.
परवा मंगळवारी ४१ वर काट मारलेली
आणि शेजारी जुन्या वळणात ४०॥.
कोणी केलं?
"सुदाम वाळुंजनं. डबा खायच्या घाईत
दोन कामं उलटी लावली, चुकून.
मी ओरडणार होते.
मग म्हटलं, जरा बघू."

घरी येऊन त्या चुकीचा माग काढला.
माझा प्रोग्राम तिथवर गेला होता, एकदा,
रात्री सव्वातीनला,
आणि फार थंड होऊन गेला होता.

रेघ आता आखूड आहे.
अजून दीड तास आहे.